रक्तातला विळा आणि मलेरियाचा डास

दवाखान्यात पेशंट समोर बसला की आम्ही डॉक्टर मंडळी एका माणसाचा विचार करतो. त्याचा ताप, त्याचे पोट, त्याचे रक्त. पण असे एक शास्त्र आहे की जे एका माणसाकडे न पाहता सबंध गावाकडे, जमातीकडे पाहते. कोणता आनुवंशिक गुण किती लोकांत आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या वाढतो की घटतो आणि का, याचा हिशेब ते मांडते. त्याला लोकसमूहांचे आनुवंशशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण हिशेब दुकानदाराच्या वहीइतकाच सोपा आहे. शिवाय तो आपल्या विदर्भातल्या आणि खानदेशातल्या हजारो घरांशी निगडित आहे. म्हणून आज सिकलसेल या आजाराच्या निमित्ताने या शास्त्राची तोंडओळख करून घेऊ.

प्रश्न असा आहे. सिकलसेल हा आजार आई-वडिलांकडून मुलाकडे येतो. पूर्वी, औषधोपचार नसताना, या आजाराची बहुतेक मुले लग्नाच्या वयापर्यंत पोहोचतच नसत. ज्याला मूलबाळ झाले नाही त्याचा दोष पुढे जात नाही. मग हा आजार केव्हाच नाहीसा व्हायला हवा होता. तो हजारो वर्षे टिकला कसा? आणि काही भागांत पाचात एकाच्या रक्तात त्याचे बीज का सापडते?

आजार आहे तरी काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ, मधोमध चेपलेल्या असतात. केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून सहज निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू कमी पडला की या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकड्या होतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात. मग पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी दहा ते वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात.

मूल साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत काही दिसत नाही. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन तोवर बाळाला सांभाळते. नंतर हातापायांना सूज, वारंवार ताप, पोटात वाढलेली पाणथरी, हाडे-सांधे दुखणे, छातीत दुखून दम लागणे असा त्रास सुरू होतो. कित्येकदा घरचे ‘वात आहे’ म्हणून तेल चोळत बसतात.

या विळ्यासारख्या पेशींची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली अमेरिकेतील शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. रुग्ण होता वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडाहून दंतवैद्यकी शिकायला आलेला एक तरुण. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनमध्येच असल्याचे दाखवले. काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात, त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने सगळा अनर्थ होतो. आपल्या देशात या दोषाची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत झाली.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे

प्रत्येक गुणासाठी आपल्याकडे जनुकांची जोडी असते. एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही जनुके सदोष असली तर तो रुग्ण. एक चांगले आणि एक सदोष असले तर तो वाहक. वाहक माणूस शेतात राबतो, पोरे सांभाळतो, सत्तरी गाठतो. त्याला सहसा काहीही त्रास होत नाही आणि आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. हा फरक वाचकांनी पक्का लक्षात ठेवावा. पुढचे सगळे गणित त्यावरच आहे.

गावाचा हिशेब

१९०८ साली दोन माणसांनी एकमेकांना न ओळखता एकच नियम मांडला. एक होते केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी, ज्यांनी पुढे आपल्या रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेतले. दुसरे होते जर्मनीतील श्टुटगार्टचे विल्हेल्म वाइनबर्ग, आमच्यासारखेच पेशंट तपासणारे आणि बाळंतपणे करणारे डॉक्टर. त्यांचा नियम ज्वारीच्या दाण्यांनी समजून घेऊ.

समजा, गावातील प्रत्येकाने आपल्या जनुकांच्या जोडीचे दोन दाणे एका पोत्यात टाकले. चांगल्या जनुकाचा पांढरा, सदोष जनुकाचा तांबडा. पोत्यात दहा दाण्यांमागे एक तांबडा निघाला. आता डोळे मिटून दोन-दोन दाणे काढायचे. प्रत्येक जोडी म्हणजे पुढच्या पिढीतले एक मूल. दोन्ही तांबडे येण्याचा संभव दहात एक गुणिले दहात एक, म्हणजे शंभरात एक. एक पांढरा व एक तांबडा येण्याचा संभव शंभरात अठरा. उरलेल्या एक्याऐंशी जोड्या पांढऱ्या. म्हणजे हजार मुलांत १० रुग्ण, १८० वाहक आणि ८१० दोषमुक्त.

बाहेरून काही हस्तक्षेप झाला नाही, तर पुढच्या पिढीतही पोत्यात दहास एक हेच प्रमाण राहते. हाच हार्डी-वाइनबर्ग नियम. दोष आपोआप पसरतही नाही आणि आपोआप विरतही नाही. प्रमाण बदलले तर त्यामागे काहीतरी कारण असलेच पाहिजे. ते कारण शोधणे म्हणजेच उत्क्रांतीचा अभ्यास. डार्विनने नैसर्गिक निवड सांगितली, पण ती मोजायची कशी हे या पोत्याच्या हिशेबाने शिकवले.

कोडे असे सुटले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दर पिढीत दहा रुग्ण मुले दगावत असतील, तर त्यांच्याबरोबर वीस तांबडे दाणे पोत्याबाहेर जातात. प्रमाण घटायला हवे. पण आफ्रिकेत ते घटलेले नव्हते.

अँथनी ॲलिसन हे केनियात वाढलेले डॉक्टर. १९४९ साली त्यांनी तिथल्या वेगवेगळ्या जमातींचे रक्त तपासले. समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वीस टक्क्यांहून अधिक लोक वाहक निघाले, पण थंड, उंच डोंगराळ भागात एक टक्काही नाही. जमाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. मग काय सारखे होते? जिथे वाहक जास्त, तिथे मलेरिया भयंकर. जिथे डास नाही, तिथे वाहकही नाहीत. पुढे मुलांचे रक्त तपासून त्यांनी दाखवले की वाहक मुलांत मलेरियाचे जंतू कमी आढळतात. १९५४ साली त्यांनी हे सर्व प्रसिद्ध केले. असाच तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली थॅलॅसेमियाबाबत मांडला होता. हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

वाहकाच्या पेशीत मलेरियाचा जंतू शिरला की ती पेशी लवकर वाकडी होते आणि पाणथरी तिला जंतूसकट गाळून टाकते. जंतूला वाढायला नीट जागा मिळत नाही. वाहकाला मलेरिया होतच नाही असे नाही, पण मेंदूपर्यंत जाणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. मात्र हा बचाव वाहकापुरताच. सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो अधिकच घातक ठरतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. हजार मुलांपैकी १० रुग्ण दगावली. ८१० दोषमुक्त मुलांपैकी नवातले एक, म्हणजे ९०, मलेरियाने गेली. १८० वाहक वाचले. उरली ७२० दोषमुक्त आणि १८० वाहक, एकूण ९०० मुले, म्हणजे १८०० दाणे. त्यांत तांबडे १८०. प्रमाण पुन्हा दहास एक! एका बाजूने रुग्णांबरोबर वीस तांबडे दाणे गेले, दुसऱ्या बाजूने मलेरियाने एकशे ऐंशी पांढरे नेले आणि तराजू समतोल राहिला.

म्हणजे निसर्गाने या जनुकाला ‘वाईट’ ठरवले नाही आणि ‘चांगले’ही नाही. दहा घरांतील आयांच्या दुःखाच्या बदल्यात एकशे ऐंशी मुलांना मलेरियापासून संरक्षण मिळत होते. निसर्गाला दया नाही आणि द्वेषही नाही. तिथे फक्त बेरीज-वजाबाकी असते.

निवडीशिवाय आणखी काय?

पोत्यातील दाण्यांचे प्रमाण चार कारणांनी बदलते. पहिले, एखादे जनुक अचानक बदलते. सिकलसेलचा आरंभ असाच झाला. दुसरे, नैसर्गिक निवड, जी आपण आताच पाहिली. तिसरे, स्थलांतर आणि सरमिसळ. माणसे जातात तिथे त्यांची जनुके जातात. चौथे, निव्वळ योगायोग. मोठ्या पोत्यातून मूठभर दाणे काढले तर प्रमाण हुकू शकते. थोडी कुटुंबे नव्या जागी वसली आणि आपसातच लग्ने करीत राहिली, तर एखादे दुर्मिळ जनुक तिथे नेहमीचे होऊन बसते.

आपसातील लग्नांची गोष्ट आपल्याला नवी नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालते. सख्ख्या मामे-आते भावंडांची आठवा हिस्सा जनुके समान असतात. त्यामुळे लपलेली दोन सदोष जनुके एकत्र येण्याचा संभव वाढतो. जातीतल्या जातीत शतकानुशतके लग्ने होत आल्यानेही प्रत्येक समाजाच्या पोत्यात एखादा वेगळा दाणा जमतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट जगात इतरत्र फारच दुर्मिळ आहे, आपल्याकडे त्या मानाने अधिक सापडतो. अशा माणसाला ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही.

डासही उत्क्रांत होतो

उत्क्रांती म्हटले की लोकांना लाखो वर्षांपूर्वीची माकडे आठवतात. पण ती आपल्या डोळ्यांदेखतही घडली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे. १९५३ साली सरकारने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. घरोघर डी.डी.टी.ची फवारणी झाली. जुन्या मंडळींना तो पांढरा मुलामा आठवत असेल. १९६५ च्या सुमारास रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मलेरिया गेलाच असे वाटले. पण १९७६ साली तो आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला! कारणे अनेक होती, त्यांतले एक डासांच्या पोत्यात होते. लाखो डासांत मोजक्यांना डी.डी.टी. सोसण्याची ताकद जन्मजात होती. बाकीचे मेले, ते उरले आणि त्यांचीच प्रजा वाढली. मनाला येईल तेव्हा अँटिबायोटिक घेतल्याने जंतू निर्ढावतात, त्यामागेही हेच गणित आहे.

मलेरिया गेला तर सिकलसेल जाईल?

जाईल, पण फार सावकाश. मलेरियाचे मृत्यू थांबले असे धरा. हजारांतली दहा रुग्ण मुलेच फक्त दगावली. मग उरलेल्या १९८० दाण्यांत तांबडे १८०, म्हणजे अकरास एक. पुढच्या पिढीत बारास एक, मग तेरास एक. दहास एकवरून वीसास एक व्हायला दहा पिढ्या लागतात. पिढीला पंचवीस वर्षे धरली तर अडीचशे वर्षे! कारण बहुतेक तांबडे दाणे निरोगी वाहकांमध्ये लपलेले असतात. आज उपचारांमुळे रुग्णही जगतात, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यामुळे हा वेग आणखी मंदावतो. सारांश, निसर्गावर सोपवून बसण्यात अर्थ नाही. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीचा मेळघाट, भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांतील घरांना आजच मदत हवी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा आजार भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, कोरकू अशा आदिवासींत आणि विदर्भातील काही अनुसूचित जाती व इतर समाजांत आढळतो, म्हणून काही लोक ‘त्यांचा आजार’ म्हणून नाक मुरडतात. हेच जनुक ग्रीस, दक्षिण इटली आणि अरबस्तानातही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे ते टिकले. त्यात ना कुणाचे पाप, ना कुणाच्या रक्ताचा कमीपणा. उलट ज्यांचे पूर्वज मलेरियाच्या रानात तगून राहिले, त्यांची ती खूण आहे.

कुंडली आणि रक्त

आता मुद्द्याचे बोलू. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याचा संभव चारात एक, वाहक असण्याचा चारात दोन आणि दोषमुक्त असण्याचा चारात एक. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब करू नका. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. आणि रुग्ण मूल झाले म्हणून सुनेला बोल लावू नका. एक जनुक तिचे असते, तर दुसरे तुमच्या मुलाचेच असते.

वाहक निघाली म्हणून ठरलेले लग्न मोडल्याच्या गोष्टी कानावर येतात. अशा वेळी पुन्हा पोत्याचा हिशेब करावा. आपल्या कल्पित गावात अकरा तरुणांमागे दोन वाहक आहेत. जोडपी जशी जमतील तशी जमली, तर नवरा-बायको दोघेही वाहक असणारी जोडपी शंभरात साधारण तीनच निघतात. एकच जण वाहक असेल तर मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होते. म्हणजे शंभरातल्या तीन जोडप्यांना सल्ल्याची गरज आहे, शंभर घरांत बोभाटा करण्याची नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात घाईने सक्तीच्या तपासण्या झाल्या, वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना सांगितला गेला नाही आणि निरोगी वाहकांना नोकऱ्या व विमा नाकारला गेला. ती चूक आपण करू नये.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. बाधित आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. यशापयश आपल्या सहकार्यावर अवलंबून आहे. म्हणून वाचकांनी एवढे करावे:

१) बाधित भागातील किंवा घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येकाने लग्नाआधी एकदा रक्त तपासून घ्यावे. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सदोष आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. या चाचणीने रुग्ण की वाहक हे ठरते. पहिल्या चाचणीवर निष्कर्ष काढू नये.

२) अहवाल जपून ठेवावा. तपासणी आयुष्यात एकदाच पुरते.

३) दोघेही वाहक असल्यास गरोदरपण राहताच डॉक्टरांना सांगावे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रात होऊ शकते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा.

४) रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी आणि अति श्रम टाळावेत, फॉलिक ॲसिडची गोळी आणि सांगितलेल्या लसी चुकवू नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

५) ताप, छातीत दुखणे, दम लागणे, एकाएकी पोट फुगणे, हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर घरी न थांबता दवाखाना गाठावा. मच्छरदाणी रोज वापरावी.

६) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

सिंधी, लोहाणा अशा समाजांत थॅलॅसेमियाचे वाहक अधिक आढळतात. त्यांनाही हेच गणित आणि हाच सल्ला लागू आहे.

पत्रिकेत छत्तीस गुण जुळवायला आपण चार दिवस घालवतो. त्यातला अर्धा तास रक्त तपासायला द्यावा. मुलगा किंवा मुलगी वाहक निघाली तर लपवू नका आणि लाजूही नका. दुसऱ्या बाजूचेही रक्त तेवढ्याच मोकळेपणाने तपासा, म्हणजे झाले.